पंप धावत नाही, चालतो

"पंप कोरडा धावू देऊ नये." हे वाक्य माझे आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने १९९४ साली आपल्या पंपांबरोबर द्यायची माहितीपुस्तिका मराठीत करून घेण्याचे काम मला दिले होते. अनुवादक म्हणून ते माझे जवळजवळ पहिलेच मोठे काम होते आणि मी ते अतिशय मनापासून केले होते. मूळ इंग्रजी वाक्यात 'रन' आणि 'ड्राय' असे दोन साधे शब्द होते. दोन्हींचे मराठी अर्थ मला शाळेपासून पाठ होते, त्यामुळे त्या वाक्यापाशी क्षणभरही न थांबता मी पुढे गेले. छपाईपूर्वी मजकूर तपासण्यासाठी कारखान्यात गेले, तेव्हा जुळणी विभागातील एका ज्येष्ठ फिटरने ते पान दोनदा वाचले आणि शांतपणे म्हटले, "ताई, पंप धावत नाही, चालतो. आणि कोरडा पंप नसतो, पंपात पाणी नसतं."

मग त्यांनी मला एक उघडलेला पंप दाखवला. पंपाचे सील, म्हणजे फिरत्या दांड्यापाशी पाणी गळू न देणारा भाग, आतून वाहणाऱ्या पाण्यामुळेच थंड राहते आणि तेच पाणी त्याला वंगणासारखे उपयोगी पडते. विहिरीची पातळी खाली जाऊन फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाची झडप, उघडा पडला आणि पंप तसाच चालू राहिला, तर सीलचे एकमेकांवर घासणारे भाग थोड्याच वेळात तापून खराब होतात. म्हणजे शेतकऱ्याने काय करू नये, हे सांगणारे ते वाक्य होते आणि माझ्या मराठीतून नेमके तेवढेच कळत नव्हते. शेवटी पुस्तिकेत छापले गेले ते असे : "पंपात पाणी नसताना पंप चालू करू नये." त्यात 'धावणे' नाही, 'कोरडा'ही नाही, पण मूळ वाक्यात जे सांगायचे होते ते सगळे आहे.

हा प्रसंग आता आठवण्याचे कारण माझी भाची. ती अकरावीत आहे आणि एका परीक्षेच्या तयारीसाठी रोज वीस इंग्रजी शब्दांचे समानार्थी शब्द पाठ करते. तिच्या वहीत 'रन' या शब्दापुढे एका ओळीत 'स्प्रिंट', 'डॅश', 'जॉग', 'ट्रॉट', 'गॅलप', 'स्कॅम्पर', 'बोल्ट', 'फ्ली', 'फ्लो', 'ऑपरेट', 'मॅनेज' असे अकरा शब्द होते आणि त्या सगळ्यांच्या शेवटी बरोबरीचे चिन्ह काढून एकच मराठी शब्द लिहिला होता : धावणे. तिने मला सरळ विचारले, "मावशी, यातला नेमका कुठला शब्द 'रन'च्या सगळ्यांत जवळचा?" मी उत्तर देऊ शकले नाही, कारण त्या प्रश्नाला उत्तर नाही असे माझे तीस वर्षांच्या कामातून झालेले ठाम मत आहे. जवळचा शब्द कोणता, हे काय धावते आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

'रन' हा शब्द या बाबतीत सगळ्यांत अवघड म्हणावा लागेल. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी शब्दकोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सर्वांत मोठी नोंद 'सेट' या क्रियापदाची होती आणि तिच्यात ४३० अर्थ नोंदवलेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक नोंद नव्याने तपासली जाऊ लागली. तेव्हा आधी 'मेक', मग 'पुट' आणि अखेर २०११ साली 'रन' हा शब्द पहिल्या क्रमांकावर आला. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ त्या नोंदीत आहेत आणि ती सिद्ध करण्यासाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराला सुमारे नऊ महिने लागले. एका शब्दासाठी नऊ महिने ही गोष्ट ज्यांना अतिशयोक्त वाटेल, त्यांनी येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये एकदा जाऊन यावे. तिथे ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचे काम डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली सुरू केले. ऋग्वेदापासूनच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतील शब्दांच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत आहेत. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि त्यानंतरचे कित्येक खंड निघूनही काम 'अ' या अक्षरातच आहे. तिथल्या एकेका चिठ्ठीवर शब्द एकटा नसतो. तो ज्या वाक्यात आला ते वाक्य त्याच्याबरोबर असते. शब्दाचा अर्थ कुठे राहतो, हे मला पुस्तकांपेक्षा त्या चिठ्ठ्यांनी अधिक चांगले शिकवले.

आता भाचीच्या वहीकडे वळते. सुरुवात धावण्याच्या अगदी उघड अर्थापासून, म्हणजे पायांनी वेगाने जाण्यापासून केली, तरी मराठीत लगेच दोन शब्द समोर येतात : धावणे आणि पळणे. अनेक ठिकाणी ते एकमेकांच्या जागी चालतात आणि गावोगावी 'पळ लवकर' असे म्हणताना त्यात पलायनाचा भाव नसतो. तरीही वाक्प्रचारांकडे पाहिले की या दोन शब्दांच्या दिशा निराळ्या असल्याचे लक्षात येते. धावणे बहुधा कशाच्या तरी दिशेने असते. संकटात माणूस देवाचा धावा करतो, शेजारी मदतीला धावून येतो, अन्याय झालेला माणूस न्यायालयात धाव घेतो आणि चिडलेला माणूससुद्धा कोणाच्या तरी अंगावर धावून जातो. पळणे बहुधा कशापासून तरी दूर असते. भ्याड माणूस पळ काढतो, रणातून परतणारा पळपुटा ठरतो आणि धाड पडली की जुगाऱ्यांना पळता भुई थोडी होते. न्यायालयात कोणी 'पळ' घेत नाही आणि मदतीला कोणी 'पळून' येत नाही. इंग्रजीत मात्र मदतीकडे जातानाही 'रन' असते आणि घर सोडून पळून जातानाही 'रन'च असते. दिशा सांगण्याचे काम तिथे क्रियापदाला लागलेल्या छोट्या शब्दांकडे असते.

वहीतल्या बाकीच्या शब्दांचे मराठी शोधताना भाचीला फार मजा वाटली, कारण ते सगळे तिला आधीच माहीत होते, फक्त 'समानार्थी' म्हणून कोणी दाखवले नव्हते. लहान मूल दुडूदुडू धावते, उंदीर तुरुतुरु पळतो, बुजलेला घोडा चौखूर उधळतो, स्वार घोडा भरधाव सोडतो, चोर धूम ठोकतो, उधारी थकलेला माणूस पोबारा करतो, आणि ज्याला प्रसंग टाळायचा आहे तो काढता पाय घेतो. यांतील 'काढता पाय घेणे' यात तर वेग अजिबात नाही, पण त्यातून निघून जाण्याचा जो सावध, कोणाच्या लक्षात येऊ नये असा भाव दिसतो तो पळण्यात नाही. हे सगळे शब्द एकाच ओळीत बरोबरीच्या चिन्हाने जोडले तर त्यांच्यातले जे पाठ करण्याजोगे आहे तेच गळून जाते.

माझ्या मते खरा महत्त्वाचा शब्द त्या वहीत नव्हताच. तो म्हणजे चालणे. इंग्रजीत जे जे धावते, त्यातले पुष्कळसे मराठीत चालते. यंत्र चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, शाळा चालते, खटला चालतो, नाटक चालते, संगणकावरचा प्रोग्राम चालतो. सून घर चालवते, मुनीम पेढी चालवतो, आणि घराण्यात एखादी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. या सगळ्या ठिकाणी इंग्रजी माणूस 'रन' म्हणतो. मराठी माणसाला त्या कामात वेग महत्त्वाचा वाटत नाही. न थांबता पुढे जात राहणे महत्त्वाचे वाटते. म्हणून चालण्याच्या विरुद्ध 'बंद पडणे' आहे : घड्याळ बंद पडते, कारखाना बंद पडतो, बोलणी बंद पडतात. 'चालेल' हा आपला संमतीचा शब्द आणि 'चालू' हे विशेषणही याच कुळातले आहे. चालू खाते, चालू वर्ष, चालू भाव, चालू माणूस या चार प्रयोगांत 'चालू'चे अर्थ एकमेकांपासून इतके लांब गेले आहेत की परक्या भाषिकाला ते एकाच शब्दाचे वाटणार नाहीत. गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, घोड्याची चाल आणि जुनी चालरीत यांचीही तीच गत. आपल्या 'चाल'ची नोंद कोणी नऊ महिने बसून केली, तर ती ऑक्सफर्डच्या त्या नोंदीशेजारी ठेवताना संकोच वाटण्याचे कारण राहणार नाही.

याला एक अपवाद मला नेहमी विचार करायला लावतो, आणि तो म्हणजे आगगाडी. वर्तमानपत्रांत गाड्या 'धावतात' : बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी धावली, १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली, आणि ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रो धावली. पण बसथांब्यावर उभा असलेला माणूस शेजाऱ्याला "कोथरूडची बस धावते का?" असे विचारत नाही, तो "कोथरूडची बस चालू आहे का?" किंवा "सुटली का?" असे विचारतो. गाडी डोळ्यांसमोर वेगाने जात असते तेव्हा तिला धावणे शोभते. तिच्या नेमाने येण्याजाण्याचा विषय निघाला की मराठी बोलणारा माणूस पुन्हा चालण्याकडे वळतो. बातमीतले 'धावणार' हे इंग्रजीच्या सवयीने रुजले असावे असे मला वाटते, पण आता ते इतके मुरले आहे की मी स्वतः ते खोडत नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती जुनी आहे. नदी वाहते, नाक वाहते, जखम वाहते, नळ वाहता राहतो, आणि इंग्रजीत या सगळ्यांना 'रन' म्हणतात. पूर्वी मला हा 'रन'चा दूरचा, अलंकारिक अर्थ वाटत असे : नदी जणू धावते, असा. प्रत्यक्षात वाहणे हा त्या शब्दाच्या अगदी मुळाशी असलेला अर्थ आहे. प्राचीन इंग्रजीत त्या शब्दाची जी रूपे आढळतात ती पळण्यासाठीही होती आणि वाहण्यासाठीही, आणि त्याचा जर्मन भाऊ 'रिनेन' आजही पाणी वाहणे, पाझरणे, ठिबकणे याच अर्थाचा आहे. तेव्हा वाहणारे नाक हे काही माणसाच्या पळण्याचे रूपक नव्हे. पहिल्या धुण्यात साडीचा रंग दुसऱ्या कपड्यांवर उतरतो तेव्हा तोही इंग्रजीत 'रन' होतो. आपण 'रंग जातो', 'रंग सुटतो' किंवा 'रंग लागतो' म्हणतो, आणि या तीन वाक्यांत नुकसान नेमके कोणाचे झाले हेही सांगून टाकतो.

मग यंत्रे आली आणि 'रन'चा खरा विस्तार झाला असे मला दिसते. कापडगिरणी, आगगाडी, छापखाना, मोटार आणि शेवटी संगणक, यांतल्या प्रत्येकाने या तीन अक्षरी क्रियापदाला नवे काम दिले. ज्या भाषेत यंत्रे आधी घडली, तिथल्या एका साध्या शब्दावर सगळा भार पडला. आपल्याकडे यंत्रे आली तेव्हा तो भार उचलायला 'चालणे' आधीच तयार होते.

निवडणुकीचे उदाहरण मी वर्गात शिकवताना हमखास घेते. अमेरिकी इंग्रजीत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटिश इंग्रजीत तो 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. एकाच भाषेच्या दोन काठांवर एकच माणूस एकीकडे धावतो आणि दुसरीकडे उभा असतो, आणि अर्थ मात्र तोच. मराठीतही उमेदवार उभा राहतो, पण आपण तेवढ्यावर थांबलो नाही. माघार घेतली की तो 'बसतो', हरला की 'पडतो', जिंकला की 'निवडून येतो', आणि दुसऱ्याला हरवायचे असेल तर त्याला 'पाडतात'. महापालिकेच्या निवडणुकीत पेठेतल्या कोणत्याही कट्ट्यावर "तो उभा होता, पण शेवटच्या दिवशी बसला" हे वाक्य ऐकू येते आणि कोणालाही त्याचा खुलासा लागत नाही. त्या वाक्याचा इंग्रजी अनुवाद शब्दकोश पाहून करायला दिला, तर काय होईल हे सांगायला नको.

आता ज्या जोडशब्दाने मला सर्वांत जास्त शिकवले त्याकडे येते : 'रन आउट'. पंपाच्या त्याच पुस्तिकेत पुढे एके ठिकाणी शाफ्टचा, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याचा, 'रनआउट' किती असावा याचे माप मिलिमीटरच्या शतांशांत दिले होते. माझ्या हाताशी असलेल्या कोशात या शब्दापुढे 'संपणे, मुदत भरणे' असे अर्थ होते आणि क्रिकेटमुळे 'धावचीत' मला माहीतच होते. शाफ्ट संपत नाही आणि धावचीतही होत नाही. या वेळी मी शहाणपण करून ती जागा रिकामी सोडली आणि फिटरना विचारले. त्यांनी शाफ्ट दोन आधारांवर ठेवला, चुंबकी स्टँडला डायल गेज लावून त्याचे टोक शाफ्टला टेकवले आणि शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला. डायलवरचा काटा थोडा इकडे, थोडा तिकडे हलत होता. "हा जेवढा हलला तेवढा आउट," ते म्हणाले. शाफ्ट अगदी सरळ आणि आपल्या मध्यरेषेभोवती फिरत असता, तर काटा जागचा हलला नसता. कारखान्यात कोणीही त्याला मराठी नाव देत नव्हते. सगळे 'आउट' किंवा 'रनआउट' म्हणत होते आणि सगळ्यांना नेमके समजत होते. मी पुस्तिकेत 'रनआउट' हाच शब्द ठेवला आणि पहिल्यांदा तो आला तिथे, शाफ्ट फिरताना काटा किती हलतो त्यावरून हे माप घेतात, असे एक वाक्य लिहिले. वाचणाऱ्याच्या हातात जो शब्द आधीच आहे तो काढून घेऊन घडवलेला नवा शब्द देणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

उलट, 'धावचीत' हा घडवलेला शब्द मला अत्यंत प्रिय आहे, आणि यात विसंगती नाही. त्याच्यातला 'चीत' कुस्तीच्या हौद्यातून आला. पाठ जमिनीला लागली की पैलवान चीत होतो, हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नव्हते. धावचीत, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टीचीत ही सगळी मंडळी त्या हौद्यातूनच मैदानावर उतरली. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांच्या मराठीतून आकाशवाणीवर असे शब्द ऐकत एक अख्खी पिढी वाढली, आणि त्यामुळे ते कोशात पडून न राहता गल्लीतल्या पोरांच्या तोंडी गेले. ऐकणाऱ्याला ओळखीच्या ठिकाणाहून नेणारा शब्द टिकतो, मग तो घडवलेला असो वा उसना.

क्रिकेटमधल्या नुसत्या 'रन'चेही पाहण्यासारखे आहे. मराठीत त्याची 'धाव' झाली आणि धावसंख्या, धावफलक, अवांतर धावा असे कुटुंब वाढले. पण ही धाव पायांपासून केव्हाच सुटली आहे. पुण्यातच, पूना क्लबच्या मैदानावर, डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या तेव्हाच्या ४५२ धावांच्या विक्रमाला नऊच धावा कमी असताना काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला आणि निंबाळकर तिथेच थांबले. त्या डावात ४९ चौकार आणि एक षटकार होता, म्हणजे ४४३ पैकी २०२ धावा न धावता मिळालेल्या होत्या. 'न धावता धाव' हे बोलताना विचित्र वाटते, तरी धावफलकावर ते अगदी बरोबर असते, कारण तिथे धाव ही क्रिया राहिलेली नसून मोजायचे एकक झालेली असते. शब्दाच्या नव्या अर्थाची सुरुवात बहुधा अशीच होते : मूळ क्रिया गळून जाते आणि तिचा हिशेब तेवढा उरतो.

भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिने एक चांगली शंका काढली. 'पळ' म्हणजे पळणे आणि 'पळ' म्हणजे चोवीस सेकंद, हेही मग एकाच शब्दाचे दोन अर्थ का? तसे नाही. साठ पळांची एक घटका होते, त्यातला पळ संस्कृतातल्या 'पल' या मापावरून आला. 'पळ काढणे' यातला पळ पलायनाच्या कुळातला. उच्चार एक, पण घराणी दोन, म्हणून चांगला कोश त्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी करतो. इंग्रजीतही चेंडू मारायची 'बॅट' आणि वटवाघूळ या अर्थाची 'बॅट' अशाच योगायोगाने एकसारख्या झालेल्या आहेत. 'रन'चे तसे नाही. नदीपासून निवडणुकीपर्यंत त्याचे सगळे अर्थ एकाच खोडाला फुटलेले आहेत, आणि म्हणून तो शिकताना यादी पाठ करण्यापेक्षा फांदी कुठून फुटली ते पाहणे अधिक उपयोगाचे पडते.

समानार्थी शब्दांच्या याद्यांना माझा विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. पीटर मार्क रॉजे या वैद्याने वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, १८५२ साली, इंग्रजी शब्दांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो वर्णानुक्रमे नव्हता, अर्थानुक्रमे होता; लिहिणाऱ्याला कल्पना सुचली आहे पण शब्द सापडत नाही, अशा वेळी मदत व्हावी हा त्याचा हेतू होता. आपल्याकडे अमरसिंहाने शेकडो वर्षांपूर्वी हेच काम श्लोकांत केले, आणि ते मुखोद्गत करणारी मुले पुण्याच्या पाठशाळांत पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. पण अमरकोशात एकाच वस्तूची अनेक नावे देणारे वर्ग आहेत, तसाच तिसऱ्या कांडात एकाच शब्दाचे अनेक अर्थ देणारा नानार्थवर्गही आहे. दोन्ही बाजू एकाच ग्रंथात आहेत, आणि आजच्या परीक्षांच्या पुस्तिकांनी त्यांतली एकच उचलली आहे. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती लहान नाही, कारण नानार्थ न कळलेली मुले पुढे सरकारी पत्रके, औषधांच्या पट्ट्या आणि पंपांच्या पुस्तिका यांचे अनुवाद करतात.

मराठीतल्या 'धाव'लाही स्वतःचे नानार्थ आहेत, आणि ते आता विसरले जात आहेत. विहिरीवर मोट असे तेव्हा बैल ज्या उतरत्या वाटेवरून मोट ओढत, त्या वाटेला धाव म्हणत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवतात तिचेही नाव धावच. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीत धाव म्हणजे पळणे नव्हे, पोहोच आहे. हे तीनही अर्थ भाचीला नवे होते. मोट तिने चित्रातच पाहिली आहे, म्हणून तिच्यासाठी मी कागदावर विहीर, थारोळे आणि उताराची वाट काढून दाखवली, आणि मोलस्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश तिच्या मांडीवर ठेवला. १८५७ साली निघालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे पुण्यात १९७५ साली पुनर्मुद्रण झाले, त्यातली ही प्रत मी अप्पा बळवंत चौकात जुनी घेतली होती. एकेका शब्दाखाली दिलेले वाक्प्रचार वाचता वाचता ती आपली वही विसरून गेली.

नंतर तिने वहीत स्वतःच नवे पान घेतले. डाव्या रकान्यात 'काय' आणि उजव्या रकान्यात 'काय करते' असे लिहून तिने नदी, नाक, रंग, घड्याळ, उमेदवार, मुदत, पंप अशी यादी मांडली आणि प्रत्येकापुढे मराठी क्रियापद लिहिले. ती संपल्यावर तिने मला उलटा प्रश्न टाकला : मराठीतल्या कुठल्या शब्दाने इंग्रजी माणसाला असेच अडवता येईल? मी 'लागणे' म्हणाले, आणि आम्ही दोघी आलटून पालटून वाक्ये सांगू लागलो. भूक लागली, झोप लागली, ठेच लागली, आग लागली. मुलाला नोकरी लागली, मुलीचे लग्न लागले, परीक्षेचा निकाल लागला, चित्रपट लागला. गाडीला वेळ लागतो, घराला पैसे लागतात, आंब्याला मोहोर लागतो, कुलूप लागत नाही. त्याचे बोलणे मनाला लागले, तिला गाण्याचा नाद लागला, तो माझा काका लागतो. प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करायचा तिचा नियम होता आणि प्रत्येक वेळी क्रियापद बदलावे लागत होते. सदतिसाव्या वाक्यापर्यंत आम्ही आलो होतो, तोच स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि बहिणीने हाक मारली, "अगं, दूध खाली लागलं वाटतं, बघ जरा!" भाची उठण्याआधी वहीवर वाकली आणि तिने अडतिसावे वाक्य लिहून घेतले.